कोंबडीचं बेणं

पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही कुरुंदवाडच्या पलीकडच्या एका गावात गेलो होतो. एका जीपमध्ये नऊ जण. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन बसली, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं. आता वडीलधाऱ्यांनी काहीतरी बोलावं म्हणून सगळ्यांनी आण्णांकडं माना वळवल्या, तर खुर्ची रिकामी. आण्णा परसात सापडले. उकिडवे बसलेले, काखेत एक तांबूस कोंबडी, आणि तिच्या शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये किती बोटं बसतात ते मोजण्यात गुंग.

"तीन," ते मला म्हणाले. "सर, तीन बोटं बसत्यात. म्हंजे अंड्यावर हाय. आणि छाती बगा की हिची. धरा, वजन बगा."

मुलीचे वडील माझ्या मागंच उभे होते.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळ्यांनी आण्णांचं मत विचारलं. "स्थळ झकास," ते म्हणाले, "फकस्त कोंबडा कुठला लावलाय त्ये सांगनात." लग्न जमलं. मानपानात आण्णांनी स्वतःसाठी शाल-फेटा काही घेतला नाही, ती कोंबडी मागून घेतली. सुनेच्या आधी महिनाभर ती शिरोळला नांदायला आली.

गावात त्यांना क्रॉसआण्णा म्हणतात, आणि ते या नावाला ओ देतात. आमच्या तालुक्यात हा असा एकच नमुना आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मग बदलीच्या निमित्तानं गावं फिरलो. कृष्णाकाठी, वारणाकाठी, दर दोन गावांत एक तरी असा माणूस आहे. उसाचं बिल जमा झालं की बाकीचे कर्ज भागवतात. हा कुठून तरी एक कोंबडा विकत आणतो. रंगानं, बांध्यानं, जातीनं ही माणसं वेगवेगळी असतील, पण स्वप्न सगळ्यांचं एकच: लेगहॉर्नसारखी अंडी देणारी आणि ब्रॉयलरसारखी वजनाला भरणारी जवारी, म्हणजे गावरान कोंबडी.

मुळात आण्णांना एका कामाची वस्तूच सहन होत नाही. त्यांची छत्री उन्हाळ्यात काठी असते. त्यांच्या बाजेखाली खुराडं असतं. उसाच्या सरीत हरभरा नसेल तर त्यांना ती जमीन मोकळी पडल्यासारखी वाटते. तीन जावई केले, त्यातला एक दिवसा वायरमन आणि लग्नसराईत बँजो पार्टीत कॅसिओ वाजवणारा. आण्णांचा जीव त्याच्यावर जास्त. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर पोल्ट्रीवाल्यांनी कोंबडीची सरळ वाटणी करून टाकली, हे दुःख त्यांनी मनाला लावून घेतलं आहे. अंड्याची कोंबडी वेगळी, मटणाची वेगळी. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढं जातं, त्याला अंड्याचं वय बघायलाच मिळत नाही. लेअर वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते आणि शेवटी रस्सा करायला घेतली तर पातेल्यात पाणी आणि हाडं. तिच्या भावांचं तर नावच काढू नये. लेअरच्या जातीत नर पिल्लू निघालं की पहिल्याच दिवशी त्याचा निकाल. अंडं देणार नाही आणि मटणही धरणार नाही, मग खायला कोण घालणार?

राहिली आपली जवारी. ती दोन्ही कामं करते, पण सरकारी कचेरीतल्यासारखी. वर्षाला पन्नास-साठ अंडी. बारा-पंधरा घातली की खुडूक बसायचं. कोंबड्याला दीड किलो व्हायला पाच-सहा महिने. चव मात्र अशी की कोल्हापूरकर तिच्यासाठी ब्रॉयलरच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो आणि वर रस्सा वाटीनं पितो.

"दोनीच्या मदलं पायजे," आण्णांचा सिद्धान्त. "अंडी शंभरावर, वजन दोन किलो, चव जवारी."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळं आण्णांच्या दृष्टीनं मी कोंबड्यांचा डॉक्टरच. मी त्यांना सांगून पाहिलं की कोंबडीच्या पोटात गेलेला मका एकतर अंगाला लागतो नाहीतर अंड्याला. अंगानं थोराड कोंबडी खाते जास्त आणि अंडी देते कमी, म्हणूनच धंदेवाल्यांनी दोन जाती वेगळ्या काढल्या.

"एक पाणी सोडलं तर ऊस बी भिजतो आणि हरभरा बी," आण्णा म्हणाले.

"आणि दोन्हीचा उतारा थोडा थोडा कमी येतो."

यावर आण्णांनी तंबाखू मळली. उत्तर नसलं की ते तंबाखू मळतात.

पहिला प्रयोग 2011 सालचा. कोल्हापूरच्या शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून त्यांनी एक दिवसाची पिल्लं खोक्यातून एसटीनं आणली, मांडीवर ठेवून, वरून टॉवेल पांघरून. कंडक्टरनं चिवचिवाट ऐकून तिकिटाचा विषय काढला तेव्हा म्हणाले, "पाच वर्षांच्या आतली हाईत सगळी." त्यातले ऱ्होड आयलंड रेड जातीचे दोन कोंबडे त्यांनी वाढवले. ('रोड आयलंड' म्हणजे नक्की कुठल्या रोडला, हे त्यांनी मला विचारलं होतं. अमेरिकेतलं एक चिमुकलं राज्य आहे, त्या राज्याचा अधिकृत पक्षीच हा, असं सांगितल्यावर त्यांचा आदर वाढला. "आपल्या राज्याचा कंचा?" हरियाल, म्हटलं. "त्यो अंडी किती देतो?")

त्या तांबड्या कोंबड्यांखाली घरच्या जवारी कोंबड्या सोडल्या आणि पहिली पिढी निघाली ती दृष्ट लागण्यासारखी. पिल्लं वाढायला हलकी नव्हती, तलंगा लवकर अंड्यावर आल्या. गावातल्या निम्म्या कोंबड्या मानमोडीनं गेल्या तेव्हा ही टिकली; अर्थात आण्णांनी डोळ्यात लासोटा लसीचे थेंब वेळेवर घातले होते, पण श्रेय त्यांनी रक्ताला दिलं. नवी जात तयार झाली असं त्यांनी जाहीर केलं. नरसोबाच्या वाडीचे पेढे वाटले. उसाला जसं को 86032 तसं हिला नाव दिलं: शि 2011. 'शि' म्हणजे शिरोळ. वीस घरांत तिची अंडी उबवायला दिली आणि प्रत्येक घरात बजावून सांगितलं की भेसळ होऊ देऊ नका, शुद्ध बेणं आहे.

पुढच्या वर्षी ती वीसच्या वीस घरं आण्णांच्या दारात. एकाच घरट्यातून एक काळी, एक तांबडी, एक आजीसारखी खुरटी, एक आजोबासारखी थोराड आणि अंड्याला महाआळशी. आण्णा अंधार पडल्यावर माझ्याकडं आले. चेहरा असा, की कारखान्यानं उसाची नोंदच रद्द केली असावी.

"सर, बेण्यात भेसळ झाली."

या वाक्यात सगळा घोटाळा होता, आणि तो आण्णांचा एकट्याचा नाही, आमच्या सगळ्या ऊसपट्ट्याचा आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कांडी लावत आलो. उसाची कांडी पुरली की तोच ऊस परत उगवतो, बापाचा नाही, आजीचा नाही, तोच. म्हणून पाडेगावच्या संशोधन केंद्रातला वाण शिरोळात आणला तरी तो तोच वाण राहतो. कोंबडीला कांडी नसते. तिथं दर पिढीला पत्ते नव्यानं पिसले जातात. दोन वेगळ्या जातींच्या संकराची पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी निघते. त्या पिढीतल्या कोंबडा-कोंबडीची गाठ घातली की दबून राहिलेलं सगळं खानदान वर येतं. हे मी त्यांना दोन तास सांगितलं. वाटाण्यावर प्रयोग करणाऱ्या मेंडेल नावाच्या साधूचं सांगितलं. 1902 साली बेटसन नावाच्या इंग्रजानं हेच नियम कोंबड्यांच्या तुऱ्यावर तपासले, तेही सांगितलं: साधा पानासारखा तुरा एक, वाटाण्यांच्या ओळींसारखा बुटका तुरा दुसरा, दोघांची गाठ घातली की पिल्लाच्या डोक्यावर वाटाणाच जिंकतो. वाटाणा तुरा आई किंवा बाप, एकाकडं तरी असल्याशिवाय पिल्लाला येत नाही.

"त्यो साधू वाटाणा पेरायचा आणि ह्यो कोंबडीच्या डोक्यावर वाटाणा बगायचा," आण्णा म्हणाले. "म्हंजे दोगं पावणं-पावणंच."

एवढं ऐकून त्यांनी शास्त्र आत्मसात केलं ते आपल्या उसाच्या भाषेत. पहिल्या संकराला ते 'लागण' म्हणायला लागले, दुसऱ्या पिढीला 'खोडवा' आणि तिसरीला 'निडवा'. खोडव्याला उतारा कमी येणारच, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पण मग त्यांच्या डोक्यात आणखी एक प्रकाश पडला आणि तो मला आजवर कुठल्या पुस्तकात इतका लख्ख भेटलेला नाही. "म्हंजे सर, ह्या हॅचरीवाल्या कंपन्या आजा-पणजा आपल्यापाशी ठेवत्यात आणि आपल्याला नुसतं नातू इकत्यात. बेणं देतच न्हाईत. नुसता ऊस देत्यात." बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं 1989 साली काढलेली गिरिराजा काय, हैदराबादच्या संशोधन संचालनालयाची वनराजा काय, दोन्ही परसातल्या शेतकऱ्यासाठीच केलेल्या, पण त्यांचंही पिल्लू दरवेळी केंद्रातूनच आणावं लागतं, घरी पैदास करायला गेलं की पुन्हा पिसलेले पत्ते. आण्णांनी दोन्ही पाळून पाहिल्या. "कोंबडी चांगली हाय," त्यांचा निकाल, "पर भाड्याची हाय."

दुसरा माणूस इथं थांबला असता. आण्णांनी वही घातली.

कारखान्याच्या सभासदांना मिळालेली जुनी डायरी. प्रत्येक कोंबडीच्या पायात वायरच्या रंगीत आवरणाचं कडं, आणि वहीत तिची कुंडली: आई कोण, बाप कोण, पहिलं अंडं कितव्या आठवड्यात, वजन, स्वभाव. स्वभावाच्या रकान्यात 'मायाळू', 'भांडखोर', 'शेजारी जाते' असे शेरे. रोज संध्याकाळी वजनकाटा घेऊन बसायचं. कोंबडा बदलला की तीन आठवडे अंडी उबवायची नाहीत, कारण कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. हा नियम त्यांनी माझ्याकडूनच घेतला आणि पारायणाच्या निष्ठेनं पाळला.

वहीमुळं एक घरगुती प्रकरण मात्र झालं. प्लायमाउथ रॉक नावाची एक पट्टेरी अमेरिकन कोंबडी मिळाली तर तांबड्या कोंबड्याखाली तिची पिल्लं जन्मतःच ओळखता येतात: डोक्यावर पांढरा ठिपका असेल तो कोंबडा, नसेल ती तलंग. हे सांगताना माझ्या तोंडून जाता जाता गेलं की पक्ष्यांत पिल्लू नर की मादी हे आई ठरवते. चहा घेऊन आलेल्या वहिनी उंबऱ्यातच थांबल्या.

"आणि मान्सात वो, सर?"

"माणसात बाप."

वहिनींना तीन मुली. सासूबाई जाईपर्यंत त्यांनी काय काय ऐकलं असेल ते त्या उभ्या राहिलेल्या पद्धतीवरून कळत होतं. आण्णांनी तंबाखू काढली. तो चहा आम्ही फार शांतपणे प्यालो.

उबवणीची गंमत वेगळीच. खुडूक बसणाऱ्या कोंबडीची अंडी थांबतात, म्हणून आण्णांना आपल्या जातीतून खुडूकपणा काढून टाकायचा होता. आणि अंडी उबवायला मात्र खुडूकच कोंबडी लागायची. त्यामुळं हा माणूस स्वतःच्या खुराड्यातली कोंबडी खुडूक बसली की तिला थंड पाण्यात बुचकळून उठवायचा आणि रात्री कंदील घेऊन गल्लीत खुडूक उसनी मागत फिरायचा. शेवटी त्यांनी बंद पडलेल्या फ्रीजमध्ये साठचे दोन बल्ब लावून पेटी केली. साडेसदतीस अंश, एकवीस दिवस, दिवसातून चार वेळा अंडी फिरवायची, शेवटच्या तीन दिवसांत ओल वाढवायची. आमच्याकडच्या विजेला एकवीस दिवस सलग टिकायची सवय नाही. लाईट गेली की घरातल्या सगळ्या गोधड्या फ्रीजवर, कडेनं गरम पाण्याच्या बाटल्या. थंडीत पै-पाहुणा आला तर तो कुडकुडत झोपायचा, गोधडी मागितली तर आण्णा ओठावर बोट ठेवून म्हणायचे, "अठरावा दिस हाय."

या सगळ्या खटाटोपाचं ध्येय अंडी आणि मटण. आता गंमत पाहा. आण्णांच्या घरात अंडं खायला मिळत नाही. चांगल्या कोंबडीचं अंडं पेटीत जातं. वाईट कोंबडीचंही जातं, कारण ती वाईट आहे हे अजून वहीत सिद्ध व्हायचं असतं. वहिनी दुकानातून पांढरी अंडी आणतात आणि पदराखाली धरून मागच्या दारानं घरात घेतात. कोंबडा कापायचा तर प्रत्येकाला पायात कडं आहे, वहीत पान आहे. "ह्याला कापून चालंल का? ह्याच्या आईनं एकशे एकोणतीस अंडी दिल्यात." वीस घरांतली वीस माणसं गेली कित्येक वर्षं आण्णांच्या घरच्या जेवणाची वाट बघत आहेत.

एकदा जत्रेला पाहुणे येऊन बसले आणि आता सुटका नाही अशी वेळ आली. सकाळपासून आण्णा खुराड्यापुढं बसून निवड करत होते. एक कोंबडा उचलायचा, वहीत बघायचं, सुस्कारा सोडायचा, खाली ठेवायचा. दुपारी ते गडबडीनं मोटरसायकल काढून निघाले. मी त्या दिवशी जयसिंगपूरला होतो. स्टेशनजवळच्या एका चिकन सेंटरपुढं, डोक्याला टॉवेल तोंडापर्यंत गुंडाळलेला एक माणूस उभा दिसला. टॉवेल मी ओळखला. त्यावर पिल्लांचे डाग होते. संध्याकाळी पाहुण्यांनी तांबडा-पांढरा ओरपला आणि एकानं मनापासून दाद दिली: "ह्येला म्हणत्यात जवारी!" आण्णांनी मान खाली घालून भाकरी कुस्करली. वहिनी चुलीकडं तोंड करून हसत होत्या. खांदे हलताना दिसत होते.

याच काळात आमच्या भागात कडकनाथची लाट आली. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची ती काळीभोर कोंबडी, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इस्लामपूरकडच्या मंडळींनी पिल्लं द्यायची, अंडी चढ्या भावानं परत घ्यायची अशी योजना गावोगाव नेली. शेड उभी राहिली, कर्जं निघाली. आण्णांकडंही माणूस आला. आण्णांनी एकच विचारलं: अंडी किती आणि वजन किती? आकडा ऐकून ते म्हणाले, "अंडी जवारीपेक्षा थोडी बरी, वजन जवारीएवढंच, आणि दर सोन्याचा. मग ती कोंबडी करती काय?" तो माणूस काहीतरी औषधी गुणाचं बोलला. "म्हंजे एकच काम करती," आण्णांनी निकाल दिला, "इकणाऱ्याला मोठं करती." 2019 साली तो सगळा डोलारा कोसळला तेव्हा गावातली चार शहाणी माणसं बुडाली आणि क्रॉसआण्णा वाचले. वेडाचाही कधी कधी असा विमा असतो.

त्यांना खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी एकदा सांगून बसलो की आपला असील कोंबडा, झुंजीचा, इंग्रजांनी कॉर्नवॉलला नेला. त्याच्या रक्तातून जी भरदार छातीची कॉर्निश जात तिकडं तयार झाली तिला आधी 'इंडियन गेम' असंच म्हणत. 1948 साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' अशी स्पर्धा भरली, तिच्यात कॉर्निशचा संकर पहिला आला, आणि आजच्या ब्रॉयलरची छाती ही त्या कॉर्निशची देणगी. आण्णा उठून उभेच राहिले.

"म्हंजे चिकन सेंटरात टांगलेलं त्ये आमचंच पैलवान?"

"लांबच्या नात्यानं."

"तालमीतलं पोरगं परदेशी न्हेलं, बिनकामाचं फुगवलं, आणि आमालाच किलोवर इकलं," असं म्हणत ते गेले, आणि चार दिवस खुराड्यात कुठल्याच विलायती कोंबड्याशी नीट बोलले नाहीत.

2005 च्या महापुराचं पाणी जिथवर आलं तिथं आण्णांनी घराच्या भिंतीवर गेरूनं रेघ ओढून ठेवली होती. नवं खुराडं बांधलं ते त्या रेघेच्या हातभर वर, लोखंडी अँगलवर. 2019 च्या ऑगस्टात वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे दत्ताच्या पादुकांवरून पुराचं पाणी वाहिलं, तोवर आम्ही नेहमीसारखे बघे होतो. मग पाणी थांबेना. रेघ एका रात्रीत बुडाली, आणि सकाळी खुराड्याच्या पायरीशी पंचगंगा. वहिनींनी कागदपत्रांचा डबा घेतला. आण्णांनी चार डालगी आणि वही घेतली. ट्रॉलीत बसताना त्यांनी मला वही डोक्यावर धरून दाखवली: कोरडी आहे. वाटेत एका खड्ड्यात ट्रॉली कलंडता कलंडता राहिली, वही पाण्यात पडली आणि लगेच काढली. पण अक्षर टिकावं म्हणून आण्णांनी इतकी वर्षं ती शाईच्या पेनानं लिहिली होती. छावणीत उघडली तेव्हा प्रत्येक पान निळं आभाळ.

छावणी एका शाळेत. पटांगणात अख्ख्या तालुक्याच्या म्हशी, शेरडं, कुत्री आणि कोंबड्या. पहिल्या दोन रात्री आण्णा काठी घेऊन आपल्या डालग्यांभोवती पहाऱ्याला बसले. लोकांची घरं पडत होती, उभा ऊस कुजत होता, आणि हा माणूस कोंबड्यांचं चारित्र्य सांभाळत होता. लोक चिडले नाहीत. उलट रात्री चहा आला की पहिला कप त्यांना जायचा. एवढ्या पाण्यात एक माणूस तरी काहीतरी राखतो आहे, याचं कुठंतरी बरं वाटत असावं. तिसऱ्या रात्री त्यांचा डोळा लागला. पोरांनी डालगी उघडली. पुढचे नऊ दिवस कोण कुणाबरोबर होतं याची नोंद परमेश्वराकडंच.

परत आलो तेव्हा मागची भिंत नव्हती आणि अँगल वाकले होते. त्रेचाळीसपैकी अकरा पक्षी राहिले. आण्णा महिनाभर गल्लीत दिसलेच नाहीत.

त्या अकरातली एक करडी कोंबडी पडक्या भिंतीच्या आडोशाला खुडूक बसली. आण्णांनी तिला पाण्यात बुचकळलं नाही. नऊ पिल्लं निघाली, आठ घारीनं आणि मुंगसानं नेली, एक तलंग राहिली. तिचं नाव छावणी. नव्या वहीत, बॉलपेननं, तिचं पहिलं वर्ष असं आहे: अंडी एकशे अडुसष्ट, वजन दोन किलो सहाशे, खुडूक एकदाच, स्वभाव 'सरळ'. आठ वर्षं आण्णा जे शोधत होते ते समोर दाणे टिपत होतं. आण्णांना मात्र झोप लागेना.

"बाप कोण, सर?"

त्यांचे सगळे कोंबडे साध्या तुऱ्याचे. करडीचा तुरा साधा. छावणीच्या डोक्यावर मात्र बुटका, तीन ओळींचा वाटाणा. म्हणजे बाप परका, वाटाणा तुऱ्याचा, असीलाच्या रक्तातला, आणि त्या पटांगणातला. मेंडेलसाधूचा वाटाणा शेवटी असा उपयोगाला आला. मग आण्णा गाडीवरून गावं पालथी घालायला लागले. ज्याचं घर बुडालं होतं त्याच्या दारात जायचं, पुराची विचारपूस करायची, पंचनामा झाला का, पैसे आले का, आणि उठता उठता: "पावणं, तुमचा कोंबडा छावणीत कुठल्या अंगाला बांदलावता?" 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हाही, आम्ही दुसऱ्या छावणीत गादी अंथरत असताना, ते कानाला टॉवेल गुंडाळून रांगेतल्या प्रत्येक डालग्यात डोकावत होते.

तो सापडला गेल्या वर्षी. म्हणजे त्याचा मालक सापडला, नदीपलीकडच्या एका गावात. म्हातारा बाजेवर बसला होता. मी बरोबर होतो. होय, असील होता, तांबडा, तुरा असा बसका, छावणीत शाळेच्या हापशाजवळ बांधला होता. पण त्याला दावं कुठलं राहायला. भारी खोडकर.

"आता कुटं हाय?" आण्णांचा आवाज कापत होता.

"आता कुटला, आण्णा. गणपती गेलं आणि पयल्या रविवारी कापला की. घरात दाणा नव्हता, पोरं महिनाभर छावणीची खिचडी खाऊन कंटाळलीवती."

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. तंबाखूची पिशवी काढली, परत ठेवली. मग खिशातून वही काढली, मांडीवर उघडली, बॉलपेनचं टोपण दातानं ओढलं.

"वजन किती भरलंतं?"

"साफ करून अडीच किलो तरी असंल."

"आणि रस्सा? कसा झालता?"

म्हातारा आढ्याकडं बघत राहिला. त्या रस्त्यानं, त्या चिखलातनं, त्या महिन्यातनं परत एकदा जाऊन आला. "तसला रस्सा," तो म्हणाला, "त्येच्या आदी न्हाई, त्येच्यानंतर न्हाई."

आण्णांनी लिहून घेतलं.